विकतचा निबंध आणि पदवीचे मोल



पांढुर्णा व सौंसर या भागात अनेकांची घरची भाषा मराठी, तर महाविद्यालयाची बहुतांशी हिंदी. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात समाविष्ट झाले. ही दुभाषी कसरत मात्र कायम राहिली. प्रकल्प-अहवाल लिहिताना शब्द अडतो, मुदत जवळ येते आणि इंटरनेटवरील निबंधलेखन सेवेचा मोह पडतो.

हा व्यवहार वाटतो तितका निर्धोक नाही. ऑस्ट्रेलियाने 2020 साली व इंग्लंडने 2022 साली अशा धंद्यास कायद्याने बंदी घातली. गुपित फोडण्याची धमकी देऊन विद्यार्थ्यांकडून पुन्हा पैसे उकळले जातात, असा इशारा ऑस्ट्रेलियातील नियामक संस्थेने दिला आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून सादर करणे हे वाङ्मयचौर्य होय. पदव्युत्तर व संशोधन स्तरावरील प्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद त्यांत आहे.

नव्याने लिहून घेतलेला निबंध संगणकाच्या तपासणीतून सुटेलही. तोंडी परीक्षेतील एका साध्या प्रश्नापुढे तो टिकत नाही. शिवाय संत्र्याच्या बागेवरील अहवाल अनोळखी लेखकाकडून का घ्यावा? आंबिया व मृग बहरातील फरक येथील शेतकऱ्याच्या मुलास घरीच कळतो. तो आधी मराठीत टिपावा, मग हिंदीत मांडावा, अडेल तेथे प्राध्यापकांना विचारावे. वाक्ये साधी असतील, परंतु स्वतःची असतील. पदवीचे मोल त्यांतच आहे.