तांबे तापते तेव्हा

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी पापुद्रा. २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलून काढला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण तसे सोलून निघतात ते कणभर तुकडे. मोठा पापुद्रा हवा तर भट्टी लागते. २००९मध्ये टेक्सास विद्यापीठात रॉडनी रूफ यांच्या गटाने तो तांब्याच्या पातळ पत्र्यावर वाढवून दाखवला.

पत्रा २५ मायक्रॉन जाडीचा, तापमान १००० अंश सेल्सिअसच्या आसपास. तांबे १०८५ अंशांना वितळते, म्हणजे फार सैल राहून चालत नाही. मिथेन सोडला की त्याचे रेणू तुटतात आणि कार्बन पत्र्यावर जुळत जातो. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एक थर पुरा झाला की वाढ बहुतेक आपोआप थांबते.

पण मिथेनच्या आधी तांबे नुसतेच हायड्रोजनमध्ये तापवतात. शोधनिबंधांत हे एका ओळीत उरकलेले असते. माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. आपण काळवंडलेला हंडा चिंचेने घासतो, ते काम इथे हायड्रोजन करतो. शिवाय उष्णतेने पत्र्यातले स्फटिककण मोठे होतात, पृष्ठभाग सपाट होतो. लाटण-यंत्रातून आलेल्या पत्र्यावरच्या रेघा तशाच राहिल्या, तर ग्राफीनचे अंकुर जागोजागी फुटतात आणि पापुद्रा ठिगळांचा होतो.

खरी अडचण निवताना येते. तांबे आकसते, ग्राफीन तसे आकसत नाही. मग त्याला घड्या पडतात. २०२१मध्ये रूफ यांच्याच दक्षिण कोरियातील उल्सान येथील गटाने तांबे-निकेलच्या पत्र्यावर, ७२७ ते ७५७ अंशांच्या दरम्यान वाढ राखून बिनघडीचे ग्राफीन मिळवले. कमी आचेवर, हे विशेष.

पापुद्रा सलग आहे की नाही, हेही उष्णताच सांगते. पत्रा हवेत २०० अंशांच्या आसपास थोडा वेळ ठेवला, की उघडे तांबे ऑक्साइड होऊन रंग बदलते; झाकलेले चकचकीत राहते. यावरून ग्राफीन हे गंजरोधक कवच, असा गवगवा झाला. मात्र साध्या हवेत महिनोन्‌महिने राहिले, तर फटींतून शिरलेल्या ओलाव्याने ग्राफीनखालचे तांबे उघड्या तांब्यापेक्षाही जास्त गंजते, असे पुढे दिसले. तेव्हा जाहिरातींतल्या कवचाबद्दल मी तरी जरा हात राखूनच बोलतो.