उपटायलाही तूच ये



सुरुवातीलाच एक कबुली देतो. आठवीत असताना शाळेच्या बागेला कुंपण करायचं होतं. गुरुजींनी विचारलं, "काड्या कोण आणेल?" मी हात वर केला आणि बेशरमाचा भारा सायकलला बांधून आणला. जनावरं तोंड लावत नाहीत, नुसती काडी खोचली तरी जगते, म्हणून शाबासकीही मिळाली. उरलेल्या काड्या मी घरी जाताना आमच्या गावच्या तलावाकाठी फेकल्या. गेली सहा वर्षं मी तिथलंच बेशरम उपटतो आहे.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा, हे तुम्हाला सांगायला नको. गोंड राजवटीपासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. पुढे मालगुजार त्यांची देखभाल करवून घेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा तलाव' झालं. पाणी सगळ्यांना हवं होतं, पण काठावरचं झुडूप उपटणं मात्र कोणाचंच काम राहिलं नाही.

आपल्या वर्गातला ढिवर समाजातला मित्र तुम्हाला आठवत असेल. तो आजही त्याच तलावावर मासेमारी करतो. सहा वर्षांपूर्वी पाळीवर भेटला. म्हणाला, "जाळं टाकलं का मासा कमी, काड्याच जास्त येतेत. पोरगा गेला नागपूरले कामाला. तूनंच आनली होती ना हे बेशरम? आता उपटाले बी तूच ये."

तो हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही आठ-दहा जण कोयते घेऊन गेलो. दोन दिवसांत काठ साफ केला, फोटो काढले. पावसाळा संपल्यावर पाहिलं तर पूर्वीपेक्षा दाट रान. तोडलेला प्रत्येक तुकडा ओल्या गाळात रुजला होता. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे झाड असंच पसरतं.

मग अर्जुनी मोरगावकडच्या कामाची माहिती घेतली. तो भाग १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तिथे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर बंधू-भगिनींसोबत तलाव सुधारले आहेत. त्यांच्याकडून कळलं की, उपटणं हे अर्धंच काम. मोकळ्या जागेत तलावाचं स्वतःचं काही लावलं नाही, तर बेशरम परत येणारच.

आता आम्ही मे महिन्यात, पाणी उतरल्यावर, मुळासकट खणतो. काड्या दूर कोरड्या जागी वाळवतो. पाऊस पडला की गाद, चिला, चौरा लावतो. ही नावं मला पुस्तकात सापडली नव्हती. ढिवर मोहल्ल्यातल्या बाया पाण्यात उतरल्या आणि कोणती वनस्पती किती खोल पाण्यात लावायची, ते त्यांनी दाखवलं. अशा वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिलं वाढतात. बेशरमाखाली ते होत नाही.

सहा वर्षांत अर्धा काठ मोकळा झाला आहे. मागच्या पावसाळ्यानंतर मित्राच्या जाळ्यात मरळ आली. एकच होती, पण त्याने ती विकली नाही. आमच्या घरी आणून दिली. त्याचा मुलगा अजून नागपूरलाच आहे, हेही सांगायला हवं.

या मेळाव्यात शाळेसाठी काय देता येईल, याची चर्चा झाली. वर्गणी मी देणारच आहे. पण माझं मागणं वेगळं आहे. येत्या मे महिन्यात एक दिवस द्या. जुने कपडे आणा, सकाळी सहाला या, कारण दहानंतर ऊन सोसवत नाही. जेवण आमच्याकडे. गुरुजी, तुम्ही पाळीवर आंब्याच्या सावलीत बसा. त्या वेळी शाबासकी दिली होती, आता उपटतानाही हजेरी घ्या.