नवऱ्याची नसबंदी झालीय, मग भीती कसली?

(वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



आज बोलायचं आहे ते पुरुषाच्या शरीराबद्दल. आपल्या बैठकांत बाईच्या पिशवीवर तासन्‌तास बोलणं होतं, पण पुरुषाच्या अवयवांचं नाव निघालं की सगळ्यांचा पदर तोंडाला. हे आपल्याला परवडणारं नाही. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात एक पाहणी झाली. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ बायका तपासल्या, त्यांतल्या जवळजवळ १४ टक्के जणींना एच.आय.व्ही.ची लागण निघाली. यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. आणि तरीही नवरा गेला की पांढऱ्या पायाची ठरते ती सूनच!

बायका मला विचारतात, ‘ताई, ह्यांची नसबंदी झालीय, मग भीती कसली?’ त्यासाठी वीर्य कुठे तयार होतं ते समजून घेऊ. शुक्रजंतू वृषणात होतात, पण वीर्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळा द्रव वर, पोटाच्या आत असलेल्या वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. नसबंदीत शुक्रजंतूंची नळी त्याच्या खालीच कापतात. म्हणून मूल राहत नाही. पण या ग्रंथींतही विषाणू असतो, शिवाय वीर्यातल्या पांढऱ्या पेशींत बसूनही तो येतो. त्याची वाट नसबंदीने अडत नाही.

दुसरं, ‘ते वेळेवर बाजूला होतात.’ वीर्य येण्याआधी जो चिकट पाझर येतो, त्यातही विषाणू सापडलेला आहे.

आता तो पुरुषात शिरतो कुठून? शिश्नाच्या पुढच्या कातडीची आतली बाजू नाजूक असते, आणि विषाणूला हव्या असलेल्या पेशी तिथे भरपूर. मूत्रमार्गाच्या तोंडाशीही असतात. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथे झालेल्या चाचण्यांत (निष्कर्ष २००५ ते २००७) सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून होणारी लागण साधारण ६० टक्क्यांनी घटली. ही बातमी पुरुषांनी लगेच उचलली. पण युगांडातलीच दुसरी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लागण आधीच झालेल्या पुरुषांची सुंता केली, तर त्यांच्या बायकांना काहीही संरक्षण मिळालं नाही. संशोधनाची बातमी वाचताना ‘कुणाचा फायदा?’ हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

गुप्तरोगाचं तर फार महत्त्वाचं. लघवीला जळजळ, पू येणं, याला ‘उष्णता झाली’ म्हणून पुरुष अंगावर काढतात. मलावी देशात १९९७ साली दिसून आलं, की एच.आय.व्ही. असलेल्या ज्या पुरुषांच्या मूत्रमार्गाला असा दाह होता त्यांच्या वीर्यात विषाणू इतरांच्या आठपट होता. साध्या प्रतिजैविकांनी दोन आठवड्यांत तो उतरला. म्हणजे नवऱ्याची जळजळ हा नुसता त्याचा खासगी मामला नाही. आणि औषध दोघांनी घ्यायचं असतं. त्याने एकट्याने घेतलं तर रोग पुन्हा त्याच्याकडे येतो, आणि बोल बायकोला लागतो.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी. ए.आर.टी.च्या गोळ्या रोज घेतल्या की रक्तातला विषाणू दबतो, बरोबर वीर्यातलाही. युरोपातल्या १४ देशांत ८८८ जोडप्यांची पाहणी झाली, २०१६ साली ती छापून आली. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, पण औषधाने रक्तातला विषाणू एका मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली. निरोध न वापरता सुमारे ५८,००० वेळा संबंध आले. जोडीदाराकडून लागण झाली अशी एकही केस नाही.

पण गोळ्या सुटल्या तर? वृषण, लसिकाग्रंथी अशा जागी विषाणू दडून राहतो, तो परत येतो. म्हणून नवरा नुसता ठणठणीत दिसतो यावर जाऊ नका. सरकारी ए.आर.टी. केंद्रात विषाणूभाराची तपासणी मोफत होते. तो कागद दोघांनी मिळून पाहायचा. आकडा खाली येईपर्यंत निरोध. नंतरही इतर गुप्तरोगांसाठी निरोधच उपयोगी, गोळ्या ते थांबवत नाहीत.

आता तुमचे प्रश्न. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा. नाव घालायची गरज नाही.