आजारपणाची रजा आणि रुवीतला कामगार



चिपळूण, खेड, दापोलीकडच्या ज्या घरांतला कर्ता पुरुष ओमानात नोकरीला आहे, त्या घरांतल्या माणसांना मस्कतमधली रुवी आपल्या आळीइतकीच ठाऊक असते. म्हणून आजचे बोलणे जितके तिथल्या कामगारासाठी, तितकेच इथल्या त्याच्या आईसाठी आणि पत्नीसाठीही आहे.

१ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या साथीत, रुवी ज्या विलायतीत, म्हणजे तिथल्या तालुक्यात, मोडते त्या मतराची नाकेबंदी झाली आणि १० एप्रिलपासून सारा मस्कत प्रांत बंद झाला. कागदपत्रे नसलेल्या परदेशी माणसाचीही तपासणी व उपचार विनामूल्य करण्याचा निर्णय तिथल्या शासनाने घेतला, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. परंतु दुमजली खाटांच्या एका खोलीत, एका शेगडीवर आळीपाळीने भात शिजवणाऱ्या सात-आठ जणांपैकी एकाला ताप आला, की उरलेल्या धडधाकट माणसांनाही अडकून पडावे लागे आणि त्यांचाही रोज बुडत असे. आणि कायद्यातली आजारपणाची रजा ही आजाऱ्याची असते, अडकून पडलेल्या निरोग्याची नव्हे.

हा दोष एकट्या ओमानचा नाही. प्लेगच्या वेळी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी आपल्याकडे साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या चार कलमांत सरकारला अधिकार आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती, बुडालेल्या मजुरीविषयी अक्षर नव्हते. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे त्याच महिन्यात प्लेगने गेले. पुढे २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टाळेबंदीतले वेतन कापू नये असा हुकूम काढला खरा, पण मे महिन्यात तो मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-मजुरांनी आपसांत तोड काढावी असे सांगितले. निरोग्याच्या बुडालेल्या रोजाची कायमची तजवीज कायद्यातच व्हावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजाऱ्याचा हक्क मात्र ओमानात आता पूर्वीपेक्षा भक्कम झाला आहे. २००३ च्या कायद्यात वर्षाला दहा आठवड्यांची रजा होती. २०२३ च्या ५३ व्या सुलतानी फर्मानाने ती १८२ दिवसांची केली. पहिले २१ दिवस पूर्ण पगार, ३५ व्या दिवसापर्यंत पाऊण, ७० व्यापर्यंत निम्मा आणि त्यापुढे शेकडा ३५, असा क्रम आहे. महिना १२० रियाल, म्हणजे रोजचे ४ रियाल धरले, तर पन्नास दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसाला ८४, ४२ आणि ३० मिळून १५६ रियाल येणे होतात. हा आकडा घरच्या वहीत लिहून ठेवावा. घरकाम करणाऱ्यांना मात्र वेगळे नियम आहेत.

हा हक्क डॉक्टरच्या दाखल्यावर उभा असतो. दाखला मिळताच मालकाकडे रुजू करून पोच घ्यावी, आणि दाखल्याची, करारपत्राची व बताक्याची, म्हणजे तिथल्या ओळखपत्राची, छायाचित्रे त्याच दिवशी घरी पाठवावीत. पगार थकला तर महिनोन्‌महिने वाट न पाहता कामगार मंत्रालयाकडे तक्रार नोंदवावी, आणि अडचण पडल्यास अल खुवैरमधील भारतीय दूतावास गाठावा.

एक गोष्ट अधिक कळकळीने सांगतो. ‘फ्री व्हिसा’ म्हणून एजंट जे विकतात, त्यात बताका एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, नावाचा आणि मजुरी दुसऱ्याच्या दारी, अशी स्थिती असते. असा माणूस तापाने फणफणला, की कागदावरचा मालक त्याला ओळखत नाही आणि कामावरचा मालक त्याला आपला म्हणत नाही. तेव्हा मुलासाठी दागिने गहाण टाकून पैसे मोजण्यापूर्वी, आई-वडिलांनो, एजंटला समोर बसवून एवढे विचारा, की आमचा मुलगा आजारी पडला, तर त्याने दाखला कोणाच्या हाती द्यायचा?