पाण्यावरचा धुरा

धुऱ्याचा वाद वऱ्हाडाला नवा नाही. राजापेठेत उतरून कचेरीकडे निघालेल्या माणसाला विचारा. वीतभर धुऱ्यापायी एकर विकल्याची गोष्ट तो सांगेल. पण धुरा निदान दिसतो तरी. पाण्यावर तो घालायचा कसा?

लडाखात पँगाँग सरोवर आहे; लांबी सुमारे १३४ किलोमीटर. पश्चिम भाग आपल्याकडे, पूर्व भाग चीनकडे. मधली ताबारेषा कुठून जाते, यावर एकमत नाही. मे २०२० मध्ये तिथे सैनिकांची झटापट झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरोवराच्या काठांवरून फौजा मागे हटल्या. पण हद्दीचा प्रश्न उरलाच.

आता युरोपातले कॉन्स्टन्स सरोवर पाहा. काठी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड म्हणते, हद्द मधोमध. ऑस्ट्रिया म्हणते, खोल पाणी सामाईक. वाद अजून मिटलेला नाही. तरी १८९३ साली मासेमारीचा करार झाला: काठालगत २५ मीटर खोलीपर्यंतचे पाणी ज्याचे त्याचे, पुढचे सर्वांचे. १९६० साली पाणी स्वच्छ राखण्याचाही करार झाला.

तिथे फौजा समोरासमोर नाहीत, म्हणून हे जमले. पँगाँगचे काम तेवढे सोपे नाही. पण आपल्या शिवारापुरते एवढे घेता येईल: मोजणी व्हायची तेव्हा होवो, विहिरीची पाळी आधी ठरवावी.