सुटीच्या दिवशीचे गुरुजी

जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगरात, मी काही वर्षं केंद्रप्रमुख होतो. तेव्हा माझ्याकडे दोन तक्रारी आल्या. दोन्ही शिक्षकांविरुद्ध, दोन्ही शाळेबाहेरच्या वागण्याच्या.

पहिली दारूबंदीच्या काळातली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. पण तेलंगणाची हद्द जवळच. सुटीच्या दिवशी एक गुरुजी बाजारात पिऊन पडले. सातवीतल्या दोन मुलांनी त्यांना उचलून घरी पोचवलं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब, शाळेत कधी पिऊन आलो का?’’ नव्हते आले. शिकवणंही चोख होतं.

दुसरी तक्रार एका बाईंविरुद्ध. त्यांनी जातीबाहेर लग्न केलं म्हणून काही पालक त्यांची बदली मागत होते. ‘पोरांवर वाईट परिणाम होतो’ हे वाक्य दोन्ही अर्जांत होतं.

वरिष्ठाने नोकराच्या खासगी आयुष्यात किती शिरावं? राज्य सरकारी नोकरांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम सांगतात, की सचोटी ‘नेहमी’ राखावी, पदाला न शोभणारं काही करू नये. जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. म्हणजे शाळा सुटली तरी नियम सुटत नाहीत. कारखान्यांची गोष्ट वेगळी. संपाच्या वेळी कारखान्यापासून दूर घडलेल्या प्रकारांबद्दलच्या ग्लॅक्सो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं, की स्थायी आदेशात ‘कारखाना व त्याचा परिसर’ असं लिहिलं असेल, तर मालकाचा हात त्यापलीकडे पोचत नाही.

‘न शोभणारं’ हा शब्द मात्र फार सैल आहे. गावाची नावडही त्यात सहज मावते. म्हणून मी एकच प्रश्न धरला. या वागण्याने उद्या वर्गात काय बिघडणार? ज्या मुलांनी गुरुजींना उचललं, तीच दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसणार होती. शिवाय कायदाही मोडला होता. बाईंच्या लग्नाने वर्गात काहीच बिघडत नव्हतं. आंतरजातीय विवाहाला तर सरकार स्वतः अर्थसाहाय्य देतं.

शिक्षा देणं माझ्या हातात नव्हतं, अहवाल होता. गुरुजींबद्दल घडलं तसं लिहिलं, त्यांचं चांगलं कामही लिहिलं. नोटीस निघाली, खुलासा झाला, एक वेतनवाढ रोखली गेली; नोकरी राहिली. बाईंच्या अर्जावर ‘कारवाईचं कारण नाही’ असा अभिप्राय दिला.

त्यावर चिडून काही पालकांनी मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. बाई रोज हजेरीत त्या मुलांची नावं पुकारत राहिल्या. महिन्याभरात एकेक करून ‘हजर’ म्हणणारे आवाज परत आले.