संदेश कोठें अडला?

नागपूरहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, वर्धा जिल्ह्यांत, तळेगांव (श्यामजी पंत) हें गांव लागतें. आर्वीकडे जाणारा रस्ता येथेंच फुटतो. नागपूरहून आर्वीसाठीं निघालेलें एक पुडकें येथें एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावयाचें आहे, अशी कल्पना करावी. तें आर्वीस पोंचलें नाहीं, तर दोष कोणाचा? पहिल्या गाडीचा, दुसरीचा, कीं मधल्या ठाण्याचा?

संगणकांच्या व्यवहारांतहि अशीं मधलीं ठाणीं असतात. त्यांस मेसेज ब्रोकर, म्हणजे संदेशांचे अडते, असें म्हणतात. एका यंत्रानें संदेश आणून ठेवावा आणि दुसऱ्यानें तो सवडीनें उचलावा, ही त्यांची रीत. २००७ सालीं निघालेलें रॅबिटएमक्यू आणि २०११ सालीं सर्वांस खुलें झालेलें काफ्का हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें होत. अडत्या एकच असला तर शोध सोपा असतो. अनेक अडते एकमेकांशीं जोडले म्हणजे प्रत्येकाचें काम वरवर चोख दिसतें. संदेश मात्र पोंचत नाहीं.

अशा वेळीं पहिला नियम हा कीं, जोडणी दिसणें म्हणजे संदेश पोंचणें नव्हे. टप्प्याटप्प्यानें आवक-जावक मोजावी. जेथें आवक आहे पण जावक नाहीं, त्याच्या पुढच्याच टप्प्यांत बहुधा बिघाड सांपडतो. मग दिशा पाहावी. अॅक्टिव्हएमक्यूच्या दोन अडत्यांमधील दुवा, वेगळें सांगितलें नसेल तर, एकेरीच असतो. नंतर पत्ता पाहावा. काफ्काचा अडत्या पहिल्या भेटींत आपला पत्ता कळवितो आणि पुढील व्यवहार त्याच पत्त्यावर चालतो. तो घरच्यांपुरताच असेल, तर पाहुणा दारापर्यंत येऊनहि रिकाम्या हातीं परततो. शेवटीं हें पाहावें कीं, पलीकडचा जागा आहे ना. दुवा जोडलेला दिसतो, पण दुसरें टोंक केव्हांच निकामी झालेलें असतें. म्हणूनच ठराविक वेळानें परस्परांस खूण देण्याची योजना चालू ठेवावी लागते.

सर्वांत मोठा धोका मात्र उतावळेपणाचा. कित्येकदां संदेश पोंचलेला असतो, केवळ पोंचपावती परत आलेली नसते. घाईनें तोच पुन्हां धाडला, तर शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे दोनदां जमा होतात, किंवा रुग्णाच्या औषधाची मागणी दुहेरी नोंदली जाते. यासाठीं प्रत्येक संदेशास स्वतःचा क्रमांक असावा, आणि घेणाऱ्यानें काम करण्यापूर्वीं तो आपल्या नोंदींत आधींच आहे कीं काय, हें पाहावें. वाटेंतला बिघाड नेहमींच टाळतां येत नाहीं. त्यापासून होणारी हानि मात्र एवढ्या दक्षतेनें टाळतां येते.